मामांचा खडा आणि मामांचा अंगठा

"सीटी कशाला? होऊ दे खर्च, सरळ एमआरआयच काढून टाकू."

गेल्या दिवाळीत मामांच्या कमरेतली कळ जांघेकडे उतरायला लागली तेव्हा आमच्या घरात तिघांनी तरी हे वाक्य म्हटलं. मामा अंथरुणावर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते, मामी गरम पाण्याची पिशवी शेकत होत्या आणि बाहेरच्या खोलीत तपासण्यांचा जिना चढणं चालू होतं. खालची पायरी एक्सरे, मग सोनोग्राफी, मग सीटी आणि सगळ्यात वर एमआरआय. जितके पैसे जास्त, तितकं यंत्र भारी, तितकं जास्त दिसणार!

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा जिना मला फार खुपतो. मुळात तो जिना नाहीच. त्या दिवशी हट्टाने एमआरआय काढला असता, तर मूत्रपिंड सुजलंय हे कळलं असतं, पण ज्याच्यामुळे ते सुजलं तो मूतखडा निसटण्याचीच शक्यता जास्त होती. फार तर त्याच्या जागी एक काळा ठिपका दिसला असता. उलट तेच मामा गुडघा धरून बसले असते, तर सीटीने हाडं सुरेख दाखवली असती आणि दोन हाडांमधली फाटलेली गादी मात्र बहुधा चुकवली असती. दोन्ही यंत्रं शरीराला वेगवेगळे प्रश्न विचारतात. सीटी विचारतं, इथले अणू क्ष-किरण किती अडवतात? एमआरआय विचारतं, इथला हायड्रोजन कसा आहे, मोकळा की जखडलेला?

सीटीची कल्पना शाळेतल्या आकड्यांच्या कोड्यासारखी आहे. चौकोनातल्या घरांतले आकडे झाकलेले, पण प्रत्येक आडव्या, उभ्या आणि तिरप्या ओळीची बेरीज दिलेली. बेरजा पुरेशा असल्या की झाकलेले आकडे काढता येतात. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, प्रत्येक दिशेने किती किरण आरपार गेले ते मोजलं जातं, म्हणजे ओळींच्या बेरजा मिळतात. ईएमआय कंपनीतला अभियंता गॉडफ्रे हाउन्सफिल्ड याने हे यंत्र प्रत्यक्षात आणलं. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात त्यावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं. त्या चित्रात 80 गुणिले 80, म्हणजे 6400 घरं होती. हेच गणित अ‍ॅलन कॉरमॅकने स्वतंत्रपणे सोडवलं होतं. 1979 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

त्या घरांतल्या आकड्यांना आज हाउन्सफिल्डचंच नाव आहे. सेल्सियससारखीच ही मोजपट्टी पाण्यावरून ठरवली: पाणी शून्य, हवा उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, टणक हाड हजाराच्या घरात. मामांच्या रिपोर्टात दोन खडे होते. एक मूत्रवाहिनीत अडकलेला, 5 मिलिमीटरचा, आणि दुसरा वर मूत्रपिंडात, 9 मिलिमीटरचा. त्या दुसऱ्यासमोर आकडा होता 410. आधी काढलेल्या साध्या एक्सरेत मात्र खड्याचा मागमूस नव्हता. सीटीत दिसतो आणि एक्सरेत दिसत नाही, हीच शंकेची पहिली खूण. बहुतेक मूतखडे कॅल्शियमचे असतात आणि सहसा एक्सरेवर पांढरे उमटतात. लपतो तो प्रामुख्याने युरिक अ‍ॅसिडचा, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाचा.

एमआरआयचं थोडक्यात सांगते. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजारपट. त्यात हायड्रोजनची अणुकेंद्रं सेकंदाला सुमारे 6.4 कोटी वेळा भोवऱ्यासारखी डुलतात. तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडल्या की ती त्या शोषून घेतात आणि मग त्याच सुरात उत्तर देतात. पाण्यातल्या मोकळ्या हायड्रोजनचं उत्तर बराच वेळ ऐकू येतं. घट्ट स्फटिकात जखडलेल्या हायड्रोजनचं उत्तर यंत्राने कान लावण्याआधीच विरून जातं. युरिक अ‍ॅसिडच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे चार अणू असूनही खडा काळा राहतो तो यामुळे. गुडघ्यात हेच वैगुण्य उपयोगी पडतं. गुडघ्याची गादी दाट तंतूंची असते, त्यामुळे ती काळ्या त्रिकोणासारखी दिसते. ती फाटली की फटीत सांध्यातलं पाणी शिरतं आणि काळ्या त्रिकोणात एक पांढरी रेघ उजळते. मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा कितीतरी वेळ फिल्म उजेडाकडे धरून बसले होते. पण रेघ दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमचा 2008 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्यांची गादी फाटलेली आढळली, त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिनाभरात दुखलाच नव्हता.

आता मामांच्या अंगठ्याकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून आल्यावर पहाटे तीनला मामांच्या उजव्या पायाचा अंगठा बुडाशी लालभडक सुजला होता. चादरीचा स्पर्श सोसेना. कोणी म्हणालं मुरगळला, कोणी म्हणालं नवा बूट लागला, शेजारच्या काकूंनी वाताचा लेप दिला. आठवडाभरात आपोआप उतरला आणि सगळे विसरले. तो अंगठा आणि हा खडा यांचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही. सांध्याचा डॉक्टर वेगळा, लघवीचा वेगळा, फायली वेगळ्या. पदार्थ मात्र एकच होता. 1776 साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने मूतखड्यातून युरिक अ‍ॅसिड वेगळं केलं आणि 1797 साली वोलॅस्टनने गाऊटच्या, म्हणजे अंगठा असा सुजवणाऱ्या सांधेदुखीच्या, गाठीत त्याचाच क्षार शोधला. म्हणजे हे नातं सव्वादोनशे वर्षं माहीत आहे.

एकच पदार्थ दोन ठिकाणी दोन रूपं घेतो ते भोवतालच्या रसायनामुळे. लघवी आम्लधर्मी असली, पीएच साडेपाचच्या खाली राहिला, की युरिक अ‍ॅसिड विरघळत नाही आणि त्याचे खडे बनतात. रक्त आणि सांध्यातलं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. तिथे ते सोडियमशी जोडलं जातं आणि सुयांसारखे स्फटिक बनतात. अंगाच्या 37 अंश तापमानाला 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 6.8 मिलिग्रॅम मावतं. तापमान उतरलं की ही क्षमता घटते, जसा निवलेल्या पाकात साखरेचा दाणा धरतो. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि अंगापेक्षा थंड. सुया तिथे आधी का धरतात याचं हे एक कारण मानलं जातं.

मग हा पदार्थ चिरफाड न करता ओळखायचा कसा? 410 या एका आकड्यावरून खात्री होत नाही. लहानसा किंवा विरळ कॅल्शियमचा खडाही 410 दाखवू शकतो. इथे माझी सगळ्यात लाडकी युक्ती येते: दोन ऊर्जांचं सीटी.

क्ष-किरण शरीरात मुख्यतः दोन प्रकारे अडतात. एक कॉम्प्टन परिणाम. किरण इलेक्ट्रॉनवर आपटून भलतीकडे वळतो. यात कोणतं मूलद्रव्य आहे याने फारसा फरक पडत नाही, आणि किरणाची ऊर्जा बदलली तरी चित्र थोडंच बदलतं. दुसरा प्रकाशविद्युत परिणाम. यात अणू किरण अख्खा गिळतो. ही गिळण्याची ताकद प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे अणुक्रमांकाच्या साधारण घनाने वाढते आणि किरणाच्या ऊर्जेच्या साधारण घनाने कमी होते. युरिक अ‍ॅसिडमध्ये कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे सगळं हलकं. सर्वांत जड ऑक्सिजन, त्याचा अणुक्रमांक 8. कॅल्शियमचा 20. वीस भागिले आठ म्हणजे अडीच, आणि अडीचचा घन पंधराच्या पुढे. याचा अर्थ असा की कॅल्शियमचा खडा कमी ऊर्जेचे किरण अधाशासारखे गिळतो आणि ऊर्जा वाढवली की त्याची भूक झपाट्याने उतरते. युरिक अ‍ॅसिडची भूक मुळात बेताची, ती दोन्हीकडे जवळपास सारखीच राहते.

हे जड वाटलं तर स्वयंपाकघरात या. एका डब्यात काय आहे ते न बघता ओळखायचंय आणि तुमच्याकडे मैद्याची आणि रव्याची अशा दोन चाळण्या आहेत. एकाच चाळणीतून किती खाली पडलं एवढ्यावरून काही ठरत नाही, डब्यात मुळात किती होतं ते ठाऊक नाही. पण जे दोन्ही चाळण्यांतून सारखंच उतरतं ते पीठ, आणि जे बारीक चाळणीत अडून मोठीतून उतरतं तो रवा. सीटीच्या नळीला एकदा 80 आणि एकदा 140 किलोव्होल्ट दिले की या दोन चाळण्या मिळतात. संगणक प्रत्येक घरासाठी 80 च्या आकड्याला 140 च्या आकड्याने भागून गुणोत्तर काढतो. गुणोत्तर एकाच्या आसपास असेल तर युरिक अ‍ॅसिड, बरंच वर असेल तर कॅल्शियम. खडा छोटा की मोठा, दाट की विरळ, याचा गोंधळ बराचसा सुटतो, कारण भागाकारात तो निघून जातो.

ही युक्ती नवी नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. हाउन्सफिल्डने स्वतःच 1973 च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं की एकाच कापाची दोन वेगळ्या व्होल्टेजना चित्रं घेतली तर आयोडीन आणि कॅल्शियम वेगळे ओळखता येतात. पण तेव्हा एका कापाला काही मिनिटं लागत. तेवढ्यात माणूस श्वास घेणार, हलणार, आणि दोन चित्रं एकमेकांवर बसणार नाहीत. दोन नळ्या एकाच वेळी फिरवणारी यंत्रं रुग्णालयांत यायला 2006 च्या आसपासचा काळ उजाडला.

मामांचं असं सीटी पुण्यात झालं. रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला पडद्याजवळ बोलावलं. मूत्रपिंडातला खडा लाल रंगला होता. त्या संगणकात लाल म्हणजे युरिक अ‍ॅसिड, निळा म्हणजे कॅल्शियम. मग त्यांनी पायाचं चित्र उघडलं. अंगठ्याच्या बुडाशी सांध्याला चिकटून हिरवे ठिपके होते, हळद-कुंकवाच्या करंड्यातून सांडल्यासारखे. गाऊटच्या चित्रात युरेटला, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या त्या क्षाराला, बहुधा हिरवा रंग देतात. पण हिरवं पाचही नखांवर होतं! मी घाबरून विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, नखं सगळ्यांचीच हिरवी येतात. जाड कातडीही फसवते. सांध्याजवळचं तेवढं बघायचं." पहिल्याच झटक्याच्या सुरुवातीला स्फटिक इतके थोडे असतात की ही तपासणी त्यांना चुकवूही शकते. सांध्यात पाणी असेल तर सुईने थेंबभर काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आजही सर्वांत खात्रीचं. ती पद्धत 1961 पासूनची आहे.

रक्तातल्या नुसत्या आकड्यावरून मात्र निदान करू नये. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही आणि ऐन झटक्यात रक्ताचा आकडा सामान्यही येतो. तरी आपल्याकडे कुठलाही सांधा दुखला की आधी टोमॅटो आणि डाळ बंद.

आणखी एक सांगायलाच हवं. पोटाला तोंड लावून मूतखडा ओढून काढणारे बाबा आजही आपल्या गावांत आहेत आणि शिकलेली माणसं त्यांच्याकडे रांग लावतात. मामांनाही तसा पत्ता आला होता. सीटीचा आडवा काप एकदा नीट बघा. मूत्रपिंड पाठीकडे, कण्याला लागून असतं. त्याच्या आणि पोटाच्या कातडीच्या मध्ये स्नायू, चरबी आणि आतड्यांची वेटोळी. तोंडाने ओढायला तिथे वाटच नाही. तोंडातून निघतो तो तोंडात आधीच धरलेला खडा. गुण आल्यासारखा वाटतो, कारण पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे लघवीतून आपोआप पडतात. मामांचाही खालचा खडा बाराव्या दिवशी पडला, आणि तो चहाच्या गाळणीत सापडला.

रंग कळल्याने उपचार बदलला. कॅल्शियमचा खडा औषधाने विरघळत नाही, फोडावा किंवा काढावा लागतो. युरिक अ‍ॅसिडचा विरघळतो: लघवीचा पीएच साडेसहाच्या आसपास धरून ठेवायचा, पोटॅशियम सायट्रेट द्यायचं, पाणी भरपूर प्यायचं. पीएच सातच्या वर नेला तर कॅल्शियम फॉस्फेट साचायला लागतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पोटॅशियमही सगळ्यांना चालत नाही.

मामी रोज सकाळी पीएचच्या कागदी पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायच्या आणि न्हाणीघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरवर आकडा टाकायच्या. तारखांच्या चौकोनांत 5 चे आकडे दिवाळीचे, मग 6, मग साडेसहांची रांग. तीन महिन्यांनी कमी मात्रेचं सीटी पुन्हा काढलं. मूत्रपिंडात जिथे 9 मिलिमीटर होते तिथे 3 उरले होते.