धर्मादाय संस्थेची मदत हवी आहे? आधी पाहा, अर्ज कोणी करायचा

मदत मागायची म्हटली की माणूस आधी फॉर्म शोधतो. तो फॉर्म आपण भरायचा आहे की दुसऱ्या कोणी, हे मात्र विचारत नाही. संकटातली मदत, शिक्षणाची मदत आणि उपचारांची मदत, तिन्हींची दारं वेगळी आहेत.

पूर, भूकंप, युद्ध अशा वेळी सहसा अर्ज नसतोच, नोंदणी असते. कार्यकर्ते छावणीत किंवा वस्तीत येऊन घरात माणसं किती, लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी आणि अपंग माणसं किती, हे लिहून घेतात. रेड क्रॉस चळवळ आणि इतर स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये ठरवलेल्या आचारसंहितेनुसार मदत गरज पाहून द्यायची, धर्म, वंश किंवा नागरिकत्व पाहून नाही. म्हणून कागद वाहून गेले असतील तरी गप्प बसू नका, नाव नोंदवायला सांगा.

संकटात ताटातूट झालेल्या नातलगाचा शोध हवा असेल तर मात्र विनंती आपणच करायची. रेड क्रॉस किंवा रेड क्रिसेंटच्या आपल्या देशातल्या संस्थेकडे ती मोफत करता येते. हरवलेल्याचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, शेवटचा संपर्क कुठे आणि कधी झाला, एवढं जवळ ठेवा. माणूस सापडला तरी त्याच्या संमतीशिवाय पत्ता मिळत नाही, हे आधीच मनाशी धरा.

शिक्षणाच्या मदतीसाठी विद्यार्थ्यालाच अर्ज करावा लागतो, आणि सगळ्यात जास्त अर्ज गळतात तेही इथेच. गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, कुटुंबाच्या उत्पन्नाचा पुरावा, शिक्षकाचं शिफारसपत्र आणि स्वतःविषयीचं निवेदन, ही नेहमीची मागणी. गुणपत्रिकेवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं असेल, तर अर्ज भरण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. निवेदनात गरिबीचं वर्णन दोन ओळींत आटपा, उरलेल्या जागेत कोणता अभ्यासक्रम, तोच का, खर्च किती आणि त्यातला किती स्वतः उभा करणार, ते लिहा. पात्रतेची अट शब्दन् शब्द वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची ‘डाफी’ शिष्यवृत्ती १९९२ पासून सुरू आहे, पण ती निर्वासितांसाठी आहे. इतरांनी कितीही सुरेख अर्ज केला तरी उपयोग नाही.

उपचारांत बहुधा गाडी डॉक्टरांकडूनच हलते. रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध गरजू रुग्णांना मोफत देणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हाही रुग्णाची नोंदणी त्याच्या डॉक्टरमार्फतच होत असे. दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी ‘स्माइल ट्रेन’ ही संस्था त्या त्या देशातल्या रुग्णालयांबरोबर काम करते. तेव्हा परदेशी कार्यालयाला पत्र धाडण्यापेक्षा जवळचं भागीदार रुग्णालय शोधा. कागद थोडेच: निदानाचे ताजे अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयाच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासह खर्चाचं अंदाजपत्रक. पैसे मंजूर झाले तर ते बहुतेकदा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. आधीच भरलेल्या बिलाची भरपाई सहसा मिळत नाही, त्यामुळे तातडीचं नसेल तर मंजुरीनंतरच दाखल व्हा. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर पहिली फेरी तिथेच मारा. कोणती संस्था कोणत्या आजाराला हात घालते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

तीनही ठिकाणी एक खूण सारखीच: अर्जाची फी, ‘फाइल पुढे सरकवायचे’ पैसे किंवा बँकेचा ओटीपी मागणारा माणूस संस्थेचा नाही. तिथेच थांबा आणि संस्थेच्या अधिकृत क्रमांकावर खातरजमा करा.

दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच जवळ ठेवा. नकार आला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा एखादा कागद कमी पडलेला असतो, आणि तो जोडून पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येतो.