साराफ

साराफ (अनेकवचन सराफीम) : हिब्रू बायबलमध्ये विषारी सापासाठी आलेला एक शब्द. 'जाळणे' या अर्थाच्या हिब्रू धातूपासून तो बनला आहे. अक्कादी भाषेतील 'शरापु' (जाळणे) हे क्रियापद त्याच धातूच्या कुळातले. म्हणजे साराफ हा 'जाळणारा'. मराठीत 'आग्या साप' म्हटले की हा अर्थ बरोबर पोचतो. ज्या माश्यांच्या डंखाने अंगाची आग होते त्यांच्या पोळ्याला आपण आग्या मोहोळ म्हणतो. प्राण्याला त्याच्या दंशाच्या दाहावरून ओळखण्याची हीच रीत साराफ या नावामागेही आहे. सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या 'सराफ' या शब्दाशी मात्र त्याचे नाते नाही. तो अरबी 'सर्राफ' (नाणी पारखून बदलून देणारा) यावरून आला.

हिब्रू बायबलमध्ये सापाच्या अर्थाने आणि दैवी प्राण्याच्या अर्थाने मिळून हा शब्द सात वेळा येतो. सर्वांत परिचित प्रसंग गणना या ग्रंथाच्या २१व्या अध्यायातला. रानात भटकणारे इस्राएली लोक अन्नपाण्यावरून कुरकुर करतात, तेव्हा त्यांच्यात 'नेहाशीम सराफीम' सोडले जातात आणि पुष्कळ लोक दंशाने मरतात. 'नाहाश' हा हिब्रूतला सापाचा सर्वसाधारण शब्द. साराफ इथे त्याला विशेषणासारखा जोडला आहे. पण दोनच ओळींनंतर देव इस्राएलींचा नेता मोशे याला 'एक साराफ कर आणि खांबावर लाव' असे सांगतो, तिथे हा शब्द एकटा उभा राहतो. मोशे जो करतो तो 'नेहाश नेहोशेत', म्हणजे पितळी किंवा तांब्याचा साप. 'नाहाश' (साप) आणि 'नेहोशेत' (तो धातू) या शब्दांतला हा नादाचा खेळ कुठल्याही भाषांतरात उतरत नाही. अनुवाद या बायबलमधील ग्रंथात (८:१५) साराफ विंचवाच्या जोडीने, पाणी नसलेल्या भीषण रानाच्या वर्णनात येतो.

प्राचीन भाषांतरकारांपुढे हा शब्द आला तेव्हा त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ग्रीक सप्तती भाषांतराने गणनेत 'प्राणघातक साप' असा परिणाम सांगितला, तर लॅटिन व्हल्गेटने 'अग्निमय साप' म्हणून मूळ क्रियाधातूचा 'जाळणे' हा अर्थ धरून ठेवला.

साराफ म्हणजे नेमका कोणता साप, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे एकच उत्तर शोधणे चुकीचे वाटते. हिब्रूत इतर सर्पनामे आहेतच : 'पेतेन' बहुधा नाग, 'शेफीफोन' बहुधा शिंगवाला घोणस, शिवाय 'एफ्ए' आणि 'त्सेफा'. साराफ हा शब्द जातीपेक्षा दाह सांगतो. तरीही ज्या प्रदेशाच्या या कथा आहेत तिथल्या सापांत फुरशाच्या प्रजातीचा, रंगीत खवल्यांचा एक साप आहे. त्याच्या विषाने सूज येते आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. कोकणात फुरसे चावलेल्या माणसाची तगमग ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'जाळणारा' हे नाव समजावून सांगावे लागणार नाही.

यशया ग्रंथात साराफाला पंख फुटतात. १४:२९ आणि ३०:६ या दोन्ही ठिकाणी 'साराफ मेओफेफ', म्हणजे उडणारा साराफ येतो. दुसऱ्या ठिकाणी तो दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटाच्या वर्णनात एफ्एच्या शेजारी आहे. अरबस्तानातून इजिप्तकडे उडत येणाऱ्या सापांची गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही नोंदवली आहे. इजिप्तमध्ये फेरोच्या (राजाच्या) मुकुटावर फणा उभारलेला नाग असे आणि तो शत्रूंवर आग ओकतो अशी श्रद्धा होती. इ.स.पू. आठव्या शतकातल्या यहूदा राज्यातील मुद्रांवर पंख असलेले, बहुधा चार पंखांचे नाग कोरलेले सापडले आहेत. हे लक्षात घेतले तर यशयाच्या ६व्या अध्यायातले दर्शन उलगडते. देवाच्या सिंहासनाभोवती सहा-सहा पंखांचे सराफीम आहेत. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोहोंनी पाय, दोहोंनी उडतात. त्यांपैकी एक वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून यशया संदेष्ट्याच्या ओठांना लावतो आणि त्याचे पाप दूर होते. जाळण्याचा अर्थ इथेही सुटलेला नाही, फक्त तो दाह शुद्ध करणारा झाला आहे. पुढे ख्रिस्ती परंपरेत सराफीम देवदूतांची सर्वोच्च श्रेणी ठरले आणि त्यांचे सर्परूप विस्मरणात गेले.

मोशेच्या धातूच्या सापाचा शेवट २ राजे १८:४मध्ये येतो : लोक त्याला धूप जाळू लागले म्हणून यहूदाच्या हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. त्या सापाला नेहुश्तान म्हणत. सापाकडे पाहून लोक बरे कसे झाले, या प्रश्नावर मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाचे म्हणणे असे की मारणारा किंवा वाचवणारा साप नव्हे. लोक वर पाहून मन देवाकडे लावत, तेव्हा बरे होत. दक्षिण इस्राएलमधील तिम्ना येथील तांब्याच्या खाणींजवळच्या देवळात सोन्याचा मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा छोटा साप १९६९च्या उत्खननात मिळाला. तो नेहुश्तान नव्हे, पण अशा वस्तू त्या मुलखात घडत होत्या हे त्यावरून दिसते.

आधुनिक हिब्रूत 'साराफ एन गेदी' हे मृत समुद्राच्या परिसरातील बिळात राहणाऱ्या एका काळ्या विषारी सापाचे नाव आहे. तोंड फारसे न उघडता तो दात बाजूने बाहेर काढून टोचतो. त्याच्या विषातल्या, हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या घटकांना शास्त्रज्ञांनी 'साराफोटॉक्सिन' हे नाव दिले. त्यांची रचना मानवी रक्तवाहिन्यांतल्या एन्डोथेलिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या द्रव्याशी अतिशय मिळतीजुळती आहे.