एन्डोमेट्रिओसिस आणि ‘कमी प्रतिकारशक्ती’

‘प्रतिकारशक्ती कमी असली की एन्डोमेट्रिओसिस होतो, काढ्याने ती वाढवा, आजार जाईल’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर किंवा ओटीपोटात रुजतात. पाळीचं थोडं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जाणं बहुतेक स्त्रियांमध्ये घडतं. आजार मात्र साधारण १० टक्के जणींनाच होतो. मग फरक कशाने पडतो? एक धागा प्रतिकारयंत्रणेचा आहे. अशा पेशींचा निकाल लावणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी या रुग्णांत मंदावलेल्या आढळतात. पण त्याच वेळी प्रतिकारयंत्रणेच्याच मॅक्रोफेज पेशी दाह वाढवतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. म्हणजे यंत्रणा एकीकडे ढिली, दुसरीकडे चेतलेली. तिला सरसकट ‘वाढवून’ काय साधणार?

जनुकांबद्दलही घाई नको. एचएलए, केआयआर या प्रतिकारजनुकांच्या काही प्रकारांचा संबंध काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिक वाटा सुमारे निम्मा निघतो. एकसारख्या जुळ्यांतही कधी कधी एकीला आजार असतो, दुसरीला नसतो. आईला असेल तर मुलीची शक्यता वाढते, इतकंच.

पडताळायचं तर संदेश पाठवणाऱ्याला विचारा: काढ्याआधी आणि नंतरची सोनोग्राफी आहे का? पाळीत शाळा-ऑफिस बुडेल इतकं दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी दुखणं खरंच असतं, पुढची तपासणी मागा.