प्लेट रिव्हर्ब : पत्रा आणि प्लगइन

प्लेट रिव्हर्ब म्हणजे स्टीलच्या मोठ्या पातळ पत्र्याला थरथरवून आवाजाला घुमारा द्यायची पद्धत. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ साली ईएमटी १४० काढलं. त्याआधी स्टुडिओवाले त्यासाठी अख्खी रिकामी खोली अडवून ठेवायचे, आत एक स्पीकर आणि एक माइक, त्यापुढे दोन मीटर बाय एक मीटरचा पत्रा म्हणजे सुटसुटीतच म्हणायचा, भले वजन २७० किलोच्या आसपास का असेना. अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पत्रा चौकटीत स्प्रिंगांवर ताणलेला असतो, ड्रायव्हर त्याला हलवतो, पिकअप ती थरथर उचलतात, आणि डँपर, म्हणजे थरथर शोषणारी फळी, जवळ-लांब सरकवली की घुमाऱ्याची शेपटी कमी-जास्त होते. गंमत म्हणजे पत्र्यात वरच्या फ्रिक्वेन्सी खालच्यांपेक्षा जोरात पळतात, शिवाय खोलीसारखे सुटे सुटे प्रतिध्वनी येत नाहीत, म्हणून घुमारा लगेच दाट आणि चकचकीत लागतो, गायकाच्या आवाजावर तर खुलतोच.

कॉम्प्युटरवर हेच काम प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, दोन प्रकारे करतं. कॉन्व्होल्यूशनमध्ये खऱ्या पत्र्यातून टेस्ट सिग्नल सोडून त्याचं उत्तर रेकॉर्ड करायचं आणि तेच गाण्यावर चढवायचं. २००१ चं अल्टिव्हर्ब हे या जातीचं. दुसऱ्यात पत्र्याचं वागणं गणितात मांडतात, त्यामुळे डँपरसुद्धा फिरवता येतो.

आता बरा कुठला, खरा पत्रा की प्लगइन? पत्र्यापुरतं सांगायचं तर प्लगइन बहुतेक कामाला पुरतं, कारण पत्रा बऱ्यापैकी लिनिअर आहे, म्हणजे आवाज हळू द्या नाहीतर मोठा, घुमारा त्याच जातीचा. कॉम्प्रेसरचं, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या यंत्राचं, तसं नाही, एलए-२ए या जुन्या कॉम्प्रेसरमधला फोटोसेल (प्रकाशाने चालणारा भाग) आधी किती दाबलं गेलं होतं ते काही वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे त्याचा असा एकदाच फोटो काढून भागत नाही.

प्लगइनच्या लेटन्सीची, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात आवाजाला होणाऱ्या उशिराची, ओरड इथे फुकाची. ४४,१०० हर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने, म्हणजे सॅम्पल) २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी हिशेबाला घेतलेला तुकडा, एका बाजूला ५.८ मिलिसेकंदांचा, आणि जुने इंजिनिअर तर पत्र्याच्या आधी मुद्दाम टेप मशीन लावून याहून कितीतरी जास्त उशीर करायचे.

आणि हार्डवेअर म्हणजे अ‍ॅनालॉगच असंही नाही, त्याच ईएमटीचं १९७६ चं ईएमटी २५० हे डिजिटलच, म्हणजे डब्यातला हिशेबनीस. खरा फरक कामात पडतो. प्लगइन वीस ट्रॅकवर वीस लावता येतात, सेटिंग सेव्ह होतं, मग तबल्यावर वेगळं, पेटीवर वेगळं करता करता सगळा गाळ होतो. ज्याच्याकडे एकच पत्रा होता त्याचं अख्खं गाणं त्याच घुमाऱ्यात बसायचं.