ताण पालकाला, नोंद मुलाच्या लाळेत

फॉस्टर पालकांचा, म्हणजे आईवडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलांना काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्यांचा, विषय निघाला की ‘मोठ्या मनाची माणसं!’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मन मोठं असलं की झोप कमी पुरते, असं शरीरशास्त्रात तरी कुठे दिसत नाही.

घरी आलेलं मूल उशीखाली बिस्किटं लपवतं, जवळ घेतलं की अंग आखडतं, रात्री किंचाळत उठतं. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये झालेल्या एका अभ्यासात (२००६) दिसलं, की अशा वागण्याचे दिवसाला ६ प्रकार पालक निभावून नेतात. त्यापुढे मात्र एकेक प्रकार वाढेल तशी मुलाला त्या घरातून हलवावं लागण्याची शक्यता वाढते.

आता कॉर्टिसोल. ‘ताणाचं हार्मोन’ म्हणून ते उगाच बदनाम झालंय; ताण नसला तरी ते रोज पाझरतंच. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि त्यामुळे मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. ते पुरेसं झालं की तेच मेंदूला थांबायला सांगतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पातळी शिखर गाठते, मग उतरत उतरत रात्री तळाला जाते. हेळसांड सोसलेल्या बऱ्याच मुलांत हे सकाळचं शिखरच बुटकं असतं. म्हणजे कॉर्टिसोल जास्त नव्हे, कमी! सतत ताणाखाली राहून यंत्रणा स्वतःलाच आवरून घेते, असं मानतात. (‘कॉर्टिसोल उतरवणारी’ पेयं विकणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.)

हे सगळं लाळेतून मोजता येतं, सुई टोचावी लागत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ फिलिप फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००८ मध्ये दाखवलं, की नेहमीच्या फॉस्टर घरांत पालकांचा ताण जास्त, तर मुलाचं सकाळचं कॉर्टिसोल कमी. हा सहसंबंध आहे, एकामुळेच दुसरं घडतं याचा पुरावा नव्हे. पण त्याच अभ्यासात ज्या पालकांना भरपूर आधार मिळाला त्यांचा ताण उतरला आणि पुढेही उतरलेलाच राहिला. ‘रक्ताचं नसलेलं मूल कधी आपलं होतं का?’ असं विचारणाऱ्यांपुढे हा निष्कर्ष ठेवायला हरकत नाही.

आधार म्हणजे तरी काय? मूल येण्याआधी प्रशिक्षण, आठवड्याला इतर पालकांबरोबर बैठक, अपरात्रीही उचलला जाणारा फोन. शिवाय रोज कुणीतरी फोन करून विचारायचं: आज मूल काय काय वागलं, आणि त्यातल्या कशाकशाने तुम्ही वैतागलात?