एक्स्पेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे (1791–1867) यांच्या विद्युत् व चुंबकत्व या विषयांवरील निबंधांचा तीन खंडांचा संग्रह. खंड लंडन येथे अनुक्रमे 1839, 1844 व 1855 मध्ये निघाले. बहुतेक निबंध आधी रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’मध्ये आले होते; ते माफक किमतीत व सूचीसह एकत्र मिळावेत, हा हेतू फॅराडे यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. तेथील निबंधांना त्यांनी ‘माला’ म्हटले असून परिच्छेदांना सलग क्रमांक दिले आहेत. परिच्छेद 27 मध्ये विद्युत् प्रवर्तनाच्या (बदलत्या चुंबकत्वामुळे तारेत विद्युत् प्रवाह निर्माण होण्याच्या) प्रयोगातील मऊ लोखंडाचे कडे येते : बाह्य व्यास 6 इंच, जाडी 7/8 इंच, त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी. प्रयोग 29 ऑगस्ट 1831 रोजीचा, हे त्यांच्या दैनंदिनीवरून ठरते.

विद्युत् प्रवर्तनाच्या शोधाच्या अग्रहक्काचा (तो आधी कोणी लावला याचा) वाद दुसऱ्या खंडात आहे. फॅराडे यांचा निबंध 24 नोव्हेंबर 1831 रोजी रॉयल सोसायटीत वाचला गेला. पण छापून येण्याआधीच त्यांनी पॅरिसला फ्रेंच शास्त्रज्ञ आशेत यांना पत्राने वृत्त कळविले आणि ते 26 डिसेंबरला तेथील विज्ञान अकादमीत वाचले गेले. तेवढ्या त्रोटक माहितीवरून नोबिली व आंतिनोरी या इटालियन शास्त्रज्ञांनी इटलीत प्रयोग केले. त्यांच्या लेखाखाली 31 जानेवारी 1832 ही तारीख आहे. मात्र तो फ्लॉरेन्सच्या ‘अंतोलोजिया’ या नियतकालिकाच्या नोव्हेंबर 1831 च्या अंकात छापला गेला. अंक उशिरा निघाला असावा. त्यामुळे इटालियन शोध आधीचा, असा समज काही काळ पसरला. लेखाच्या आरंभीच दोघांनी फॅराडे यांच्या शोधाचा व पॅरिसच्या वृत्ताचा उल्लेख केला आहे, हे पाहता अंकावरील महिन्यापेक्षा लेखाखालची तारीखच ग्राह्य धरणे रास्त. फॅराडे यांनी त्या लेखाचे भाषांतर सविस्तर टीपांसह, तसेच फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक यांना लिहिलेले पत्र या खंडात घेतले. प्रतिपक्षाचा मजकूर संपूर्ण देऊन आपली बाजू मांडण्याची ही रीत संग्रहाचे मोल वाढविते.

जुन्या ग्रंथांच्या बाजारात एकाच छपाईचे तीनही खंड क्वचितच एकत्र सापडतात. खंड 16 वर्षांच्या अवधीत निघाल्याने बांधणी सारखी नसते. शिवाय पहिल्या खंडाची दुसरी आवृत्ती 1849 मध्ये निघाल्याने 1849, 1844, 1855 असे मिश्र संच बरेच आढळतात. क्वारिच या ग्रंथविक्रेत्याच्या नंतरच्या प्रतिरूप (मूळ पानांबरहुकूम) मुद्रणांवर मूळ साल कायम असल्याने केवळ सालावर विसंबू नये. खंड ओळखण्याची खरी खूण परिच्छेद-क्रमांक होय. पहिल्या खंडातील चौदावी माला 1748 वर संपते, पुढच्यातील पंधरावी (विजेचा मासा) 1749 पासून व तिसऱ्यातील एकोणिसावी (प्रकाशावरील चुंबकीय परिणाम) 2146 पासून सुरू होते. सूचीतील संदर्भही मुख्यतः परिच्छेदांचेच असल्याने मिश्र संच अभ्यासाला पुरेसा उपयोगी पडतो. खंडाच्या शेवटची आकृत्यांची पाने मात्र जागेवर आहेत का, ते पाहून घ्यावे.

20व्या शतकाच्या आरंभी ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ या ब्रिटिश पुस्तकमालेत याच नावाने निघालेले एकखंडी पुस्तक निवडक आहे. संपूर्ण मजकुराचे पुनर्मुद्रण डोव्हर प्रकाशनाने 1965 मध्ये केले. तिसऱ्या खंडात एकोणतिसाव्या मालेपर्यंतच्याच माला आहेत. 1856 मधील तिसावी माला मूळ तीनही खंडांत नाही.