बँक (इंग्रजी शब्द)

'बँक' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पासबुक, खिडकी आणि रांग उभी राहते. इंग्रजीत मात्र हाच शब्द नदीकाठालाही लागतो, समुद्रातल्या उथळ जागेला लागतो आणि धुक्याच्या थरालाही. क्रियापद म्हणून तो विसंबणे, कलणे, निखारे झाकणे असे एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ देतो. काठाचा 'बँक' आणि पैशाचा 'बँक' वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत शिरले, म्हणून कोशांत त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. पण दोन्ही वाटा मागे एकाच जुन्या जर्मानिक शब्दाशी जाऊन मिळतात. त्याचा अर्थ उंचवटा, आणि त्यावरून बसायचा कट्टा किंवा फळी. 'बेंच' हा शब्दही याच कुळातला.

पैशाच्या 'बँक'ची वाट इटलीवरून जाते. तिथले सराफ बाजारात बाक मांडून नाणी पारखत आणि बदलून देत. त्या बाकाला इटालियनमध्ये 'बांका' किंवा 'बांको' म्हणत. बाकावरून धंद्याला आणि धंद्यावरून संस्थेला तेच नाव पडले, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत पोचले. लंडनची बँक ऑफ इंग्लंड १६९४ सालची. तोवर शब्द चांगला रुळला होता. मेजवानीला इंग्रजीत 'बँक्वेट' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ छोटे बाक. 'बँकरप्ट' म्हणजे दिवाळखोर, त्याच्या मुळाशी 'मोडलेले बाक' हे इटालियन शब्द आहेत. देणी थकवणाऱ्या सराफाचे बाक खरोखरच फोडून टाकत, अशी एक कथा सांगतात. ती अक्षरशः खरी मानण्यापेक्षा शब्दातले चित्र म्हणून घेणे बरे. आपल्याकडेही बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावी आणि त्यावरून 'दिवाळे' शब्द आला, असे सांगतात.

आता मराठीकडे पाहू. शाळेतले 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आले. म्हणजे ज्या बाकावर बसून मुले पाढे म्हणतात ते बाक आणि ज्या बँकेत पुढे त्यांचे खाते उघडते ती बँक, हे दोन्ही शब्द सख्खे नसले तरी चुलत भाऊबंद आहेत. एक पोर्तुगीजांबरोबर आला, दुसरा इंग्रजांबरोबर. आणि आपला जुना प्रतिशब्द 'पेढी'? तोही बसण्याच्याच जागेवरून आला आहे, संस्कृत 'पीठिका' प्राकृतातून झिजत झिजत. सराफाची 'गादी' हेही तेच. इटलीतला सराफ आणि आपला सराफ यांनी एकमेकांकडे न बघता आपल्या धंद्याला आपल्या आसनाचेच नाव दिले. या नोंदीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे.

मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली, आणि नव्या धर्तीच्या संस्थेबरोबर तिचे इंग्रजी नावही राहिले. पुढे घडवलेला 'अधिकोष' हा शब्द लोकांच्या तोंडी कधी बसला नाही. 'बँक' मात्र इतकी घरची झाली की ती 'पेढी'सारखीच स्त्रीलिंगी झाली आणि 'बँका', 'बँकेत', 'बँकवाले' अशी रूपे सहज चालू लागली. 'पेढी' मोडीत निघाली असेही नाही. ती 'पतपेढी'त टिकली, आणि रक्तासाठी 'रक्तपेढी', डोळ्यांसाठी 'नेत्रपेढी' अशी नव्याने कामाला लागली. इंग्रजीत 'ब्लड बँक' हा शब्दप्रयोग शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातले डॉ. बर्नार्ड फँटस यांनी १९३७ साली रूढ केला. मराठीने इथे 'बँक' न उचलता 'पेढी' निवडली, हे फार चांगले झाले.

भाषांतरात एक चूक नेहमी होते. 'बँक हॉलिडे' म्हणजे फक्त बँक बंद असण्याचा दिवस नव्हे. ब्रिटनमध्ये १८७१च्या कायद्याने या सुट्ट्या ठरल्या तेव्हापासून तिथे त्याचा अर्थ सार्वजनिक सुट्टी असा आहे.

काठाच्या अर्थाचा 'बँक' उत्तरेकडून, इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आला. पाण्याच्या कडेचा उंचवटा तो 'बँक'. हा शब्द नदीचा, ओढ्याचा, कालव्याचा. समुद्राच्या किनाऱ्याला इंग्रजीत 'शोअर' किंवा 'कोस्ट' म्हणतात. मराठीत 'किनारा' दोन्हीकडे चालतो. नदीसाठी आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे. 'काठ' बोलण्यातला, 'तीर' आणि 'तट' अभंग-स्तोत्रांतले, 'दरड' तुटलेल्या उभ्या कडेची. 'थडी' आता फारशी ऐकू येत नाही, पण गंगथडी आणि भीमथडी या प्रदेशनामांत ती जिवंत आहे. नदी वाहते त्या दिशेला तोंड केले की डाव्या हाताचा तो 'लेफ्ट बँक'. धरणाच्या 'लेफ्ट बँक कॅनॉल'ला आपण नुसते 'डावा कालवा' म्हणतो, काठ मधून गळून पडतो आणि कुणाचे काही अडत नाही.

समुद्रात 'बँक' म्हणजे तळाचा वर आलेला, उथळ भाग. उत्तर समुद्रातला डॉगर बँक आणि न्यूफाउंडलंडजवळचे ग्रँड बँक्स मासेमारीसाठी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्राचाही असा एक 'बँक' आहे: विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेले प्रवाळांचे पठार. त्याचे नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून पडलेले. तिथे ना काठ आहे ना पेढी, त्यामुळे मराठीत 'आंग्रिया बँक' असेच म्हणावे लागते.

ओळीने मांडलेल्या बटणांना किंवा लिफ्टनाही 'बँक' म्हणतात. हा अर्थ गलबतात वल्हेकरी ज्या बाकांवर बसत त्यांच्यावरून आला. मराठीत 'रांग' किंवा 'ओळ' पुरते.

क्रियापदाला एक ठरावीक प्रतिशब्द शोधू नये. कुणावर 'बँक' करणे म्हणजे त्याच्यावर विसंबणे, भिस्त ठेवणे. विमान 'बँक' होते तेव्हा ते वळताना एका पंखावर कलते. वळणावरचा रस्ता 'बँक' केलेला असतो, म्हणजे त्याची बाहेरची कड उंच ठेवलेली असते. आणि विस्तव 'बँक' करणे म्हणजे चुलीतले निखारे रात्री राखेखाली झाकून ठेवणे, म्हणजे सकाळी राख सारून फुंकर घातली की ते पुन्हा फुलतात.